सहावं काडतूस

बोरोले काकांकडे कुणी बिघडलेली वस्तू घेऊन गेलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "शेवटचं कोणी उघडलं होतं?" काय बिघडलं, केव्हा बिघडलं, हे नंतर. आधी शेवटचा हात कुणाचा लागला ते सांगा. समोरचा माणूस चाचरला की काका हसत आणि म्हणत, "वस्तू खोटं बोलत नाही हो. मालक बोलतो."

मिशिगनमधल्या ट्रॉय गावात गाड्यांचे सुटे भाग बनवणारी आमची कंपनी. तळमजल्यावरच्या लॅबमध्ये काका बसत. गिऱ्हाइकांनी तक्रार करून परत पाठवलेले भाग तिथं येत आणि ते का मोडले हे काका शोधून काढत. मी नागपूरहून एच-वन व्हिसावर आलो तेव्हा माझी पहिली नेमणूक त्यांच्या हाताखाली झाली. मी एकोणतीसचा, ते चौसष्टचे. पांढरा कोट, खिशाला तीन पेनं आणि जुलै महिन्यातसुद्धा डोक्यावर लोकरीची टोपी, कारण एसीचं तोंड नेमकं त्यांच्या टेबलावर होतं. ते वळवून घ्या म्हटलं तर म्हणायचे, "मग ते पलीकडच्या टेबलावरच्या पोरीच्या डोक्यावर येईल. तिच्याकडे टोपी नाही." अमेरिकन मंडळींना 'एकनाथ बोरोले' झेपत नसे. ते त्यांना मिस्टर बी म्हणत.

मी रुजू झालो त्याच महिन्यात एका पंपाचं कवच तडकून तडकून परत येत होतं. वरच्या मजल्यावरचे तीन इंजिनियर म्हणत होते की मेकॅनिक लोक ते जास्त आवळतात. काकांनी आठवडाभर तो ढीग उपसला आणि रिपोर्ट लिहिला, की मूळ ड्रॉइंगमध्ये आतला कोपरा टोकदार राहिला आहे, तडा तिथूनच जातो, आणि हे ड्रॉइंग एकनाथ बोरोले यांनी काढलेलं आहे. मॅनेजर खाली आला. म्हणाला, जरा सॉफ्ट भाषेत लिहिता येईल का? काका म्हणाले, "सर, द कॉर्नर इज शार्प. व्हॉट शॅल आय सॉफ्टन?" मॅनेजर गेल्यावर मला म्हणाले, "बारा वर्षं माझ्या चुकीचे शिव्याशाप कुठले कुठले मेकॅनिक खात होते बघ."

काका भुसावळकडचे. दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्याच्या वसाहतीत वाढलेले. वडील तिथं काडतुसं तपासायला होते. एका पाळीत हजारो काडतुसं डोळ्यांखालून जायची आणि त्यातलं एखादं चुकार निसटलं तर सीमेवर कुणाचा तरी जीव जाईल, या धास्तीनं तो माणूस जेवतानासुद्धा भाकरी उलटीपालटी करून बघायचा, असं काका सांगत. घरी बंदूक कधी नव्हती. ती काकांनी इथं आल्यावर घेतली. शेजारच्या म्हाताऱ्या शिकाऱ्यानं गाव सोडताना आपलं जुनं रिव्हॉल्व्हर त्यांना विकलं. पंचेचाळीस कॅलिबरचं, सिंगल अॅक्शन. म्हणजे प्रत्येक गोळीला अंगठ्यानं घोडा मागं ओढायचा, मगच चाप दाबायचा. हातात घेतलं की मनगट खाली जाईल इतकं जड. घोडा ओढताना ते चार वेळा वाजायचं, टक्, टक्, टक्, टक्. काका ते डोळे मिटून ऐकत.

अशी रिव्हॉल्व्हरं बाळगणारे लोक मिशिगनमध्ये पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या तक्रारीही पुष्कळ. शनिवारी सकाळी काकांच्या गॅरेजमध्ये दोन-तीन तरी जण येऊन बसलेले असत. काका काही बंदुका दुरुस्त करण्याचा धंदा करत नव्हते. नुसतं बघून कारण सांगायचे आणि कॉफी पाजायचे. काकूंचा जुना मसाल्याचा डबा तिथं टेबलावर असे. हळदीच्या वाटीत बारीक स्क्रू, मोहरीच्या वाटीत त्याहून बारीक. पुष्पाकाकूंनी बंदुकीला घरात तिजोरीशिवाय जागा दिली नव्हती. गॅरेज ते तिजोरी, मधे स्वयंपाकघर लागता कामा नये, हा त्यांचा कायदा. काका मागच्या अंगणातून, बर्फातूनसुद्धा, वळसा घालून जात.

डेल नावाचा त्यांचा एक मित्र होता, पोस्टातून निवृत्त झालेला, दाढीवाला, अवाढव्य. तो एकदा तणतणत आला. त्याचं मोठ्या कॅलिबरचं नवं कोरं रिव्हॉल्व्हर तिसऱ्या-चौथ्या गोळीला अडकायचं. काडतुसांचं सिलिंडर फिरतच नसे. "दीज थिंग्ज आर जंक नाऊ, बी," तो म्हणाला. काकांनी विचारलं, काडतुसं कुठली? दुकानातली, डेल म्हणाला. काकांनी एक काडतूस मापलं, सिलिंडरमध्ये ठेवलं, बाकीची त्याला रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, नेऊन झाडायला लावली, आणि ते एक काढून पुन्हा मापलं. शेजारच्या गोळ्यांच्या धक्क्यानं त्यातली शिशाची गोळी पुढं सरकली होती. अशी एखादी सिलिंडरच्या बाहेर डोकावली की सगळं ठप्प. "डेल, हू प्रेस्ड दीज?" काकांनी विचारलं. डेलनं दाढी खाजवली. काडतुसं त्यानं स्वतः घरी भरली होती आणि तोंडं नीट आवळली नव्हती. काका त्याला हसले नाहीत. त्यांनी त्याला आवळायचं कसं ते दाखवलं.

दुसरा एक जण म्हणे, माझं रिव्हॉल्व्हर उन्हाळ्यात चालतं आणि शिकारीच्या दिवसांत दगा देतं. काकांनी उघडून बघितलं तर आत वर्षानुवर्षांचं जाड ग्रीस. "नोव्हेंबरात तूप गोठतं तसं गोठलंय. घोडा बिचारा चिखलातून पळतोय," ते मला मराठीत म्हणाले. मग त्याला इंग्रजीत तूप म्हणजे काय ते समजावण्यात अर्धा तास गेला, आणि शेवटी काकूंकडून तुपाची बरणी आणून दाखवावी लागली.

रेंजच्या क्लबवर काका नव्या लोकांना सुरक्षिततेचे धडे देत. बावीस वर्षं देत होते. त्यात त्यांचा एक नियम मी इतक्यांदा ऐकला की झोपेतही म्हणू शकेन. जुन्या पद्धतीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये सहा घरं असतात, पण काडतुसं भरायची पाच. सहावं घर रिकामं, आणि घोडा त्या रिकाम्या घरावर टेकलेला. कारण त्या घोड्याचं टोक थेट काडतुसावर बसतं. हातातून पडलं आणि घोड्यावर आपटलं तर चाप न दाबता गोळी सुटते. पुढच्या काळातल्या रिव्हॉल्व्हरांत हे होऊ नये म्हणून आत एक पट्टी घातलेली असते. काकांच्या जुन्यातही ती बसवून घेता आली असती. पण तसं केलं की चार टक्टकचा आवाज जातो. ते एवढ्यासाठी थांबले होते.

मला त्या वस्तूचं वेड लागलं. मी मागं लागलो की मला एकदा तरी चालवू द्या. काकांनी स्पष्ट सांगितलं, "व्हिसावरच्या माणसाला इथं बंदूक हातात घ्यायची मनाई आहे. शिकारीचं लायसन्स असेल तर सूट मिळते. क्लास कर, लायसन्स काढ, मग ये." मी फॉर्म उघडला. त्या क्लासला दोन शनिवार जाणार होते. मी फॉर्म बंद केला, आणि महिन्याभरानं काकांनी विचारलं तेव्हा म्हणालो, "काढलं, काका."

प्रत्येक तुकड्याकडून पुरावा मागणाऱ्या त्या माणसानं माझ्याकडे कागद मागितला नाही. "शाब्बास," म्हणाले.

ऑक्टोबरातली सकाळ होती. आम्ही दोघांनी सुटी घेतली होती. आठवड्याच्या मधल्या वारी रेंजवर कुणी नसतं. लांब टोकाला फक्त डेल होता. काकांनी मला तासभर शिकवलं. पाय कसे ठेवायचे, झटका कोपरातून कसा जाऊ द्यायचा. मग ते डेलशी काहीतरी बोलायला त्या बाजूला निघाले. जाताना म्हणाले, "मी येईस्तोवर ते खाली ठेव."

मला व्हिडिओ करायचा होता. नागपूरच्या मित्रांच्या ग्रुपवर टाकायला. सिलिंडर भरताना दिसायला हवं होतं, आणि एक घर रिकामं बरं दिसलं नसतं. मी सहा भरली. डाव्या हातात फोन धरला, उजव्या हातात रिव्हॉल्व्हर उचललं आणि फोनमध्ये बघत हसलो. ते जड आहे हे मला माहीत होतं. घसरलं.

आवाज झाला तेव्हा मला आधी वाटलं डेलनं गोळी झाडली. मग पाहिलं तर काका खाली बसले होते. परत येता येता, माझ्यापासून तीन-चार पावलांवर, वाळूत, जणू बुटाची नाडी बांधायला बसावं तसे. डाव्या गुडघ्याच्या खाली पँट काळी होत चालली होती.

मी धावलो. काय बोलत होतो ते आठवत नाही. काकांनी माझी बाही धरली. आवाज अगदी लॅबमधल्यासारखा. "प्रफुल्ल, ऐक. लायसन्स काढलंयस ना तू?"

मी मान हलवली. नाही.

त्यांनी एकदा डोळे मिटले. डेल लांबून कानावरचं आवरण काढत धावत येत होता. "मग ते माझ्या हातातून पडलं," काका म्हणाले. "समजलं? तू लांब उभा होतास."

"काका, पण..."

"व्हिसा जाईल. घरी आईबाप आहेत ना तुझे? ती पट्टी मी बसवली नाही. बसवली असती तर हे झालंच नसतं. मूळ कारण मीच आहे. आता गप बस."

डेलनं आपल्या पट्ट्यानं त्यांचा पाय वर आवळून बांधला आणि फोन केला. मग वाकून त्यानं रिव्हॉल्व्हर उचललं, उघडलं आणि काडतुसं तळहातावर घेतली. पाच जिवंत, एक रिकामं. त्यानं ती पुन्हा मोजली.

"सिक्स, बी?" तो म्हणाला.

"गेटिंग ओल्ड, डेल."

डेलनं माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर तो माझ्याशी कधीच काही बोललेला नाही.

पोलीस आला तेव्हा काका स्ट्रेचरवर होते आणि तिथूनच त्यांनी त्याला सगळं नीट क्रमानं सांगितलं. पोलिसानं वहीतून मान वर करून मला विचारलं, "सर, यू सॉ हिम ड्रॉप इट?"

इथपर्यंत काकांनी मला वाचवलं होतं. यापुढचं माझं मी केलं. मी म्हणालो, "येस, सर."

हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये मी फोन काढला. व्हिडिओ होता. अकरा सेकंदांचा. माझा हसरा चेहरा, मग आभाळ, मग आवाज. मी तो पुसला, आणि पुसलेल्या गोष्टी जिथं राहतात तिथूनही पुसला.

काकांची मुलगी केतकी रात्रीच्या विमानानं आली आणि सकाळी थेट वॉर्डात शिरली. ती पश्चिम किनाऱ्यावर बॉथेलला एका बायोटेक कंपनीत आहे, इथंच जन्मलेली. मराठी कळतं, बोलते इंग्रजी. वडिलांचा लोखंडी कांबी घातलेला पाय बघून ती आधी रडली आणि मग चिडली.

"यू टीच धिस, बाबा! ट्वेंटी-टू इयर्स! यू कुड हॅव किल्ड प्रफुल्ल!"

मी भिंतीला टेकून उभा होतो. माझ्या हातात काकूंनी दिलेला चहाचा कप होता. त्या मला म्हणाल्या होत्या, "तू होतास म्हणून हे वाचले रे बाबा."

"हो," काका म्हणाले. "चुकलंच."

"यू आर डन विथ गन्स. प्रॉमिस मी."

"हो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला सोयीचं व्हावं म्हणूनच पाहिलं नसावं. मी चहा प्यायलो. तो चांगला झाला होता, हेही मला आठवतं.

क्लबनं काकांना शिकवण्यावरून काढलं आणि सभासदत्वही काढून घेतलं. त्यांचे नियम बघता दुसरं काही करणं शक्य नव्हतं, असं काकाच म्हणाले. पायाची दोन ऑपरेशनं झाली आणि काका लंगडू लागले. ते कामावर परत आले खरे, पण लॅबमध्ये हळूहळू लोक त्यांचे रिपोर्ट दुसऱ्याकडून तपासून घेऊ लागले. कुणी तसं बोललं नाही. नुसती एक जास्तीची सही सुरू झाली. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. गॅरेजचं दार शनिवारीही बंद दिसू लागलं.

आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या उन्हाळी शिबिरात काका दरवर्षी मुलांना सायकल खोलून पुन्हा जोडायला शिकवत. त्या वर्षीच्या बैठकीत विषय निघाला. मी तेव्हा कमिटीत होतो. कुणीतरी म्हणालं, "यार, रिस्क कशाला घ्यायची? पालक विचारतात." मग अध्यक्षबाई माझ्याकडे वळल्या. "प्रफुल्ल, तू होतास ना तिथं? नक्की काय झालं होतं?"

मला नुसतं गप्प बसता आलं असतं. 'मला नीट दिसलं नाही' म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "पडली हातातून. वय झालंय आता काकांचं."

हे शेवटचे चार शब्द मला कुणी शिकवले नव्हते. काका डेलला तसं स्वतःबद्दल म्हणाले होते, पण त्यांनी मला जे खोटं दिलं होतं त्यात ते नव्हते. ते माझे.

शिबिराचं ते सत्र रद्द झालं. काकांना कळवायचं काम कुणी घेईना, म्हणून मीच घेतलं. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाले, "बरोबर आहे. मुलांचा प्रश्न आहे." आणि मग ग्रिलवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत डब्यात घालून दिलं. मी ते नेलं. खाल्लंही.

अधूनमधून मी त्यांच्याकडे जात राहिलो. बर्फ काढून द्यायला, काकूंना दुकानात न्यायला. लोक म्हणत, प्रफुल्ल किती करतो त्यांचं. मी माझं ग्रीन कार्ड यायची वाट बघत होतो. ते आलं की सगळं सांगून टाकायचं, असं मी ठरवलं होतं, किंवा ठरवलं आहे असं स्वतःला सांगत होतो. मध्यंतरी माझं लग्न झालं. बायकोचा अर्ज आधीचा होता, तिच्या नावावर कार्डाची रांग पुढची निघाली, आणि एके दिवशी कार्ड टपालानं आलं. तोपर्यंत काका-काकूंनी घर विकायला काढलं होतं. केतकी त्यांना बॉथेलला न्यायला आली होती.

त्यांच्या जाण्याच्या आदल्या दिवशी मी गेलो. काका गॅरेजमध्ये एका खुर्चीवर बसून खोक्यांवर नावं लिहीत होते. रिव्हॉल्व्हर केव्हाच डेलला देऊन टाकलं होतं, आणि डेलनं सगळ्यात आधी ती पट्टी बसवून घेतली होती.

मी म्हणालो, "काका, कार्ड आलं."

"वा! आईला सांगितलंस?"

"आता मी केतकीला सगळं सांगतो. क्लबलाही पत्र लिहितो."

काकांनी पेनाला टोपण लावलं. मला वाटत होतं ते म्हणतील, जाऊ दे रे, झालं गेलं. खरं सांगायचं तर मी तेवढ्यासाठीच गेलो होतो. पण ते इतकंच म्हणाले, "सांग ना. ती आत आहे."

मी आत गेलो. केतकी स्वयंपाकघरात काचेची भांडी कागदात गुंडाळत होती. मला पाहून तिनं हातातलं ठेवलं आणि मला मिठी मारली. "यू हॅव बीन लाइक अ सन टू देम," ती म्हणाली. "आय नेव्हर थँक्ड यू प्रॉपर्ली."

मी म्हणालो, "अगं, त्यात काय."

तेवढंच म्हणालो. मग मीही तिला भांडी गुंडाळू लागलो. गॅरेजचं दार उघडंच होतं, आणि आतलं सगळं तिथं ऐकू जात असणार.

हे मी मराठीत लिहितो आहे. केतकीला मराठी वाचता येत नाही. हे ध्यानात न येता मी मराठी निवडली, असं कुणी समजू नये.

थोड्या वेळानं त्यांना मंदिरात जाऊन यायचं होतं. काकू मागच्या सीटवर जाऊन बसल्या. काका काठी टेकत आले, किल्ली हातात, आणि चालकाच्या बाजूचं दार उघडू लागले. त्यांचा डावा पाय अधू झाला होता. गाडी चालवायला उजवाच लागतो, आणि तो ठणठणीत होता. चाळीस वर्षांत त्यांच्या नावावर साधं चालान नव्हतं.

"बाबा," केतकीनं हात पुढं केला. अगदी मायेनं, लहान मुलाकडून कात्री मागावी तसा. "कीज."

मी काकांपासून हातभर अंतरावर होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. नुसतं पाहिलं, मी आता काही बोलणार आहे का ते बघायला पाहावं तसं. मग त्यांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि गाडीला हातानं धरत, पुढून वळसा घालून पलीकडच्या सीटवर जाऊन बसले. पट्ट्याचं टोक त्यांना सापडेना. केतकीनं वाकून तो ओढला, त्यांच्या छातीवरून घेतला आणि खटकन लावला. काचेतून काका समोर बघत होते.

मी हात वर केला. "सावकाश जा," म्हणालो.